तिसऱ्यांदा लावलेला कौल

देवीवर माझी श्रद्धा आहेच, पण त्या आठवड्यात ती श्रद्धा नव्हती, नुसता हट्ट होता. आज लिहितानाही लाज वाटते.

सुनेला, मानसीला, सातवा आठवडा लागला होता. थोडं रक्त दिसलं म्हणून तिला परळच्या एका हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफीत गर्भ दिसला, पण हृदयाचा ठोका दिसला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भ अजून फार लहान आहे. एका तपासणीवर काही ठरवायचं नसतं. आठ दिवसांनी परत बघू." वाट बघायची, एवढंच आमच्या हातात होतं. पण मला कुठला धीर! लालबागला घरी आल्या आल्या मी गावी गुरवाला फोन लावला. आमच्याकडे देवीच्या पाषाणाला फुलं चिकटवून कौल लावतात. उजवं फूल पडलं की होकार, डावं पडलं की नकार. बाळ सुखरूप आहे ना, असं विचारलं, तर डावं पडलं. मी म्हटलं, परत लावा. पुन्हा डावंच. गुरव वैतागला, "वयनी, देवयेक एकच गोष्ट कितीदा इचारतलास?" तरी मी तिसऱ्यांदा लावायला लावला, आणि उजवं पडलं. आधीचे दोन मी गिळून टाकले आणि मानसीला सांगितलं, "देवीनं उजवा दिलाय, बाळ सुखरूप आहे." पोरगी किती हसली! आठ दिवस ती त्याच भरवशावर होती.

परतच्या तपासणीतही ठोका नव्हता. आता शंकेला जागाच उरली नाही. बाहेर बाकावर बसल्यावर माझा तोल गेला. "नको म्हणत होते, तरी नळावरच्या बादल्या उचलल्यास ना?" खरं तर मी नको कधीच म्हटलं नव्हतं. माझे गुडघे दुखतात म्हणून तीच उचलत होती. मानसीनं मान खाली घातली.

तेवढ्यात हातात कागद घेतलेली एक बाई शेजारी येऊन बसली. इतक्या लवकर गेलेल्या गर्भाचं नेमकं निदान कसं करावं, पुढे गोळ्या द्याव्यात की थांबावं, यावर तिथे अभ्यास चालू होता; मानसीची माहिती घेतली तर चालेल का, हे विचारायला ती आली होती. मानसीनं उलट तिलाच विचारलं, "मी बादल्या उचलल्या म्हणून झालं का हो?" कागद बाजूला ठेवून ती म्हणाली, "नाही गं बाळा. बहुतेक वेळा गर्भाची घडणच नीट झालेली नसते. बादल्यांनी काही होत नाही." मग माझ्याकडे वळली. "आई, तुमचंही कधी गेलं होतं का?"

तिला कसं कळलं, देव जाणे! लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझंही गेलं होतं. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढलास म्हणून गेलं, असं सासूबाई म्हणाल्या आणि मी ते जन्मभर खरं मानलं. कुणापाशी बोलले नाही. त्या बाकावर मी हमसून हमसून रडले. देवीनंच तिला पाठवलं, असं माझं मन सांगतं. पण ती येईपर्यंत माझ्या तोंडून जायचं ते जाऊन बसलं होतं.

घरी आल्यावर मानसीला सगळं सांगितलं, डाव्या कौलांसकट. "चुकलं गं माझं," म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "आई, खोटी आशा दाखवली नसतीत तर मला आधीच रडून घेता आलं असतं. मला थोडे दिवस माहेरी जाऊ द्या." मी तिची बॅग भरून दिली.

महिना होत आला. सकाळी देवीपुढे दिवा लावताना ती परत यावी असं ओठांवर येतं, पण मी मागत नाही. माझे आई, त्या बाईला धाडलंस, तुझे उपकार कसे फेडू? आता तू ठेवशील तशी राहीन. मानसीचा फोन आलाच, तर कधी येतेस असं विचारणार नाही.