तीर्थ अडवणारा हात

देवीवर रागावता येतं का, मला माहीत नव्हतं. त्या श्रावणात मी रागावले होते. दर नवरात्रात आमच्या मळ्यातली झेंडूची पहिली तोड वणीच्या गडावर देवीला जाते. त्याआधी एक पाटीसुद्धा बाजारात जात नाही. हा नेम आयुष्यभर पाळणारे माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, झेंडूला खत घालतानाच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नाशिकच्या एका दवाखान्यात, जनरल वॉर्डात, ते छताकडे बघत पडले होते. घरात पहिल्यांदा कॉलेजला गेलेली मी उशाशी बसून मनात एकच विचारत होते, मग नेम पाळायचा तरी कशासाठी?

डॉक्टर सकाळी येऊन जात. सिस्टरांच्या मागे औषधं, इंजेक्शनं आणि भरलेल्या खाटा. उरलेला सगळा दिवस सिस्टरांच्या हाताखाली काम करणाऱ्या यमुनामावशींचा. दादांना कूस बदलून देणं, पाठ पुसणं, अंगाखालची ओली चादर काढणं, लघवीचं भांडं देणं, नाकातल्या नळीतून पेज जाताना डोकं उंच आहे ना ते बघणं. हे करताना त्या दादांशी गप्पा मारत. "भाऊ, वळा बरं आता. लवकर बरे व्हा, नायतर दसऱ्याला माझ्या दाराला फुलं कोण देणार?" दादांच्या डोळ्यांत तेव्हा काहीतरी हलायचं. आणि या बाईला वॉर्डभर हाक काय, तर "ए बाई, भांडं!" काही नातेवाईक तर त्यांनी भरून आणलेलं पाणीही घेत नसत. माझं डोकं तडकायचं.

दादांना गिळता येत नव्हतं. पाण्याचा घोटसुद्धा छातीत उतरेल म्हणून खाटेला पाटी लावली होती, तोंडाने काही देऊ नये. एका दुपारी काका गडावरून थेट वॉर्डात आले. उपाशी, अनवाणी, हातात तीर्थाची बाटली. आमच्याकडे तीर्थाला पाणी समजतच नाहीत. ते उपासाला चालतं, तापात चालतं. ते बाधेल असं कुणाच्या मनातही येत नाही. आईच्या आलं नाही, माझ्याही आलं नाही. काकांनी दादांचं तोंड उघडून बाटली कलती केली, तोच शेजारच्या खाटेवरून यमुनामावशी धावल्या आणि त्यांनी काकांचं मनगट धरलं.

"सोड! देवीचं तीर्थ हाय ते!"

"देवीचंच हाय. पण छातीत गेलं तर? नाय पाजायचं."

"भांडी उचलायच्या हातानं तीर्थ अडवती? तू कोण गं?"

"मी या खाटेची हाय. यांच्या तोंडात काय जातं ते बघायचं काम माझं."

काकांनी मोठ्या सिस्टरांना बोलावलं आणि या बाईला आत्ताच्या आत्ता काढा म्हणून हटून बसले. मावशी रोजंदारीवर होत्या. त्यांना काढायला एक शब्द पुरला असता. सिस्टर काकांना काहीच बोलल्या नाहीत. उलट मावशींनाच म्हणाल्या, "नातेवाइकांचा हात धरतात का?" तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"काका, याच हातांनी दादांची पाठ रोज पुसली जाते. तुम्ही दादांना पहिल्यांदा शिवलात ते आज, तोंड उघडायला."

"कॉलेजात हेच शिकली व्हय?"

"नाही. इथं बसून शिकले."

मोठ्या सिस्टरांनी खाटेच्या पाटीकडे बघितलं आणि "मावशी, तुम्ही तुमचं काम करा," एवढंच म्हणाल्या. मावशींनी कापसाचा बोळा घेतला, तीर्थात भिजवून घट्ट पिळला आणि रोज तोंड पुसत तसे दादांचे ओठ पुसले. "एवढं चालतंय. देवी काय घोट मोजती व्हय?" दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. पुढे त्यांना हळूहळू गिळता येऊ लागलं आणि आम्ही त्यांना घरी आणलं.

त्या नवरात्रात झेंडूची पहिली तोड झाली. गडाची पाटी भरल्यावर दादांनी डाव्या हातानं दुसरी पाटी पुढे ओढली आणि भरा म्हणून खूण केली. काकांनी विचारलं, "ही कुणाला?" वाचा अजून आली नव्हती. दादांनी हात लांबवून काकांचं मनगट धरलं, तेव्हा मावशींनी धरलं होतं तिथंच. मग काकांनी ती पाटी स्वतःच सायकलला बांधली.

मी देवीकडे मदत मागत होते आणि ती कशी यावी हेही मीच ठरवत होते. मदत आली ती देवीचंच तीर्थ अडवत. आता ठरवणं मी तिच्यावर सोडलं आहे. तिच्यावरचा राग कधीच गेला. "ए बाई" म्हणणाऱ्यांवरचा गेला नाही, आणि तो जाऊ नये एवढंच मी तिच्याकडे मागते.