वाटणीला आलेले डबे

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत जो माणूस पाठमोरा बसलेला दिसतो, त्याला घरचे लोक धाकटा म्हणत. आता त्याची पन्नाशी उलटून गेली, कानांवरचे केस पांढरे झाले, आणि धाकटा म्हणणारी घरची माणसंही फारशी उरली नाहीत. पण एकदा धाकटा झालेला माणूस काही थोरला होत नसतो, तेव्हा आपणही त्याला धाकटाच म्हणू. त्याचं काम भिंगांच्या कडा घासायचं. पुढे गिऱ्हाईक फ्रेम निवडतं, आरशात डावीउजवीकडून स्वतःला न्याहाळतं, आणि मागे हा त्या फ्रेमच्या मापाने काच चाकावर धरतो. चाकावर पाण्याची धार, बाहीवर पांढरी भुकटी, आणि कानांत दिवसभर एकच घरघर. गिऱ्हाइकाचं तोंड त्याला कधी दिसत नाही. दिसतो तो नंबर.

घरी दोन खोल्या. लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे कुणी नको म्हटलं असं नाही. आज बघू, उद्या बघू करता करता बघणारेच संपले. एका खोलीत तो झोपतो. दुसऱ्या खोलीत काचेचं कपाट आहे आणि त्यात सात डबे आहेत.

डबे आगगाडीचे. हौशी लोक जमवतात ते, वीतभर लांबीचे. आत बाकं, बाकांना पाठी, जेवणाच्या डब्यात टेबलांवर तांदळाच्या कणीएवढे दिवे. धाकट्याच्या वडिलांना या गाड्यांचं वेड होतं. इतर बाप मुलांसाठी खेळणी आणतात. यांनी स्वतःसाठी आणली आणि मुलांना हात लावू दिला, तोही धुतलेला. आयुष्यभरात त्यांनी दोन इंजिनं आणि सात डबे जमवले, आणि गेले.

ते गेल्यावर मोठं घर सोडायची वेळ आली. भांडी, खुर्च्या, पलंग सगळं सामोपचाराने वाटलं गेलं. आरामखुर्ची तर दोघेही एकमेकांना "तूच घे" म्हणत होते. घोडं अडलं ते गाडीपाशी. दोन चांगले कमावते पुरुष समोरासमोर उभे, दोघांच्या मध्ये खोकं, आणि कुणी मागे हटेना. शेवटी आईने निकाल दिला. "थोरल्याने इंजिनं आणि रूळ घ्यायचे, धाकट्याने डबे."

"अगं, हे काय आई?" थोरला म्हणाला. "एकाने चूल घ्यायची आणि दुसऱ्याने लाकडं?"

"म्हणूनच," आई म्हणाली. "भेटत तरी राहाल."

बाई हुशार होती. तिचा हिशेब बरोबर होता, फक्त पोटच्या पोरांच्या नाकांची लांबी तिने धरली नव्हती.

ती होती तोवर सगळं तिच्या मनासारखं चाललं. रविवार आला की धाकटा एकेक डबा जुन्या मऊ कापडात गुंडाळून पिशवीत भरायचा आणि दादाच्या घरी जायचा. दादा जेवणाच्या टेबलावर रूळ मांडून बसलेला असायचा. हिरवं इंजिन पुढे लागायचं, मागे सातही डबे, आणि दोघे भाऊ टेबलाच्या दोन बाजूंनी हनुवट्या टेकून बघत राहायचे. बोलायचे थोडंच. धाकट्याला आठवड्यात दुसरं काही नव्हतं, आणि त्याला दुसरं काही हवंही नव्हतं.

आई गेली, त्यानंतर वर्षही झालं नसेल. एका रविवारी दादाच्या चिमुरड्या पोराने गाडीचा वेग वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गाडी वळणावर उडाली, जेवणाचा डबा फरशीवर पडला आणि त्याची पायरी मोडली. धाकटा खाली वाकून तुकडा शोधता शोधता म्हणाला, "पोराला जरा वळण लावा की." स्वयंपाकघरात वहिनीच्या हातातलं भांडं थांबलं. दादाचा चेहरा बदलला. "पोर महत्त्वाचं की डबा?" त्याने विचारलं.

या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे, आणि धाकट्यालाही ते माहीत होतं. पण त्या क्षणी त्याच्या तोंडून ते निघेना. तो डबे गुंडाळत बसला, आणि पिशवी घेऊन निघून गेला.

पुढच्या रविवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याने स्वतःची एक समजूत करून घेतली होती. डबे कधी आपणहून जात नाहीत. इंजिनाने मागे यायचं असतं, डब्याला लागायचं असतं, आणि मग ओढून न्यायचं असतं. खऱ्या स्थानकात असंच होतं. तेव्हा दादाने यावं. आता यात रेल्वेचं शास्त्र किती आणि मानापमान किती, हे कुणीही ओळखेल. पण धाकट्याला ते अगदी निखळ शास्त्र वाटत होतं. दादा आला नाही. पुढे लग्नाकार्यांत भेट व्हायची. "बरा आहेस ना?" "बरा आहे." झालं बोलणं. वर्षं काय, ती जातातच.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत असल्या हौशी गाड्यांचं एक चिंचोळं दुकान आहे. धाकटा दर शनिवारी काम आटोपून तिथे जायचा. नवीन काय आलं ते बघायचा, रंगाची एखादी बाटली घ्यायचा, आणि उभ्या उभ्या इतरांच्या गप्पा ऐकायचा. तिथल्या लोकांनी त्याचं नाव 'बिनइंजिनाचे' ठेवलं होतं, कारण इतकी वर्षं येऊन या गृहस्थाने इंजिन म्हणून घेतलं नव्हतं. कुणी छेडलं तर तो म्हणायचा, "आहे की आमचं. भावाकडे असतं." जणू भावाने कालच नेलं आहे आणि उद्या आणून देणार आहे.

दुकानदाराने त्याला वाटेल ते दाखवून बघितलं. एकदा नवी रेलकार आली, म्हणजे एकाच डब्याची गाडी, मोटर डब्याच्याच पोटात. "काका, तुमच्यासाठीच काढलीय बघा कंपनीने," दुकानदार म्हणाला. "इंजिनाची कटकटच नाही. एकटी जाते, एकटी येते."

"एकटी जाणारी घेऊन काय करू? एकटा मी आहेच की," धाकटा म्हणाला. सगळे हसले, तोही हसला, आणि त्या शनिवारी जरा लवकर घरी गेला.

आणि मग एका शनिवारी काउंटरवर ते हिरवं इंजिन उभं होतं. तेच, वडिलांचं. कंपनीने नव्याने काढलं होतं. रंग तोच, नाकावरची पितळी पट्टी तीच, शिवाय पुढच्या दिव्याचा उजेड आणि सुरू होतानाचा खराखुरा धडधडाट. धाकट्याने ते दोन्ही हातांत घेतलं. इतका वेळ धरून ठेवलं की दुकानदाराने दुसरं गिऱ्हाईक उरकून घेतलं.

"नेताय ना? आता तरी नाव पुसा ते बिनइंजिनाचं."

"माझे डबे ओढील ना हे?"

दुकानदाराने इंजिन उलटं केलं. मागचा हुक नव्या पद्धतीचा होता, बारीक, चिमटीसारखा. जुन्या डब्यांचे हुक म्हणजे रुंद कड्या. दोन्ही एकमेकांत अडकणं शक्य नव्हतं. "हल्ली सगळं याच हुकावर येतं, काका. डब्यांचे हुक बदला. जुने कापायचे, नवे चिकटवायचे. एका बैठकीचं काम आहे."

"कापायचे?"

"चाकांच्या चौकटीतच ओतलेत ते. कापल्याशिवाय नाही निघत."

"आणि मग जुन्या इंजिनाला..?"

"जुन्या इंजिनाला कशाला लावताय आता?" दुकानदार म्हणाला, आणि नव्या हुकांचं पाकीट त्याच्यापुढे सरकवलं. धाकट्याने पाकीट घेतलं. इंजिन बाजूला ठेवायला सांगितलं. "आठवडाभरात सांगतो," म्हणाला.

रविवारी सकाळी त्याने डबे टेबलावर ओळीने मांडले, कातर घेतली आणि पहिला डबा उलटा केला.  पण कातर लावली की काढून घ्यावीशी वाटे. एकदा कापलं की दादाचं इंजिन या डब्यांना पुन्हा लागणार नव्हतं. दादा उद्या आला तरी लागणार नव्हतं. आईने बांधलेली गाठ होती ती, आणि ती आपल्या हाताने तोडायची म्हणजे काय, हे त्याला त्या घटकेला स्वच्छ समजलं. दुपारपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्याने ठरवलं, कापण्याआधी दादाला एकदा विचारावं, पुन्हा जोडायची का गाडी. नाही म्हणाला तर कापू.

रविवारी जाणं मात्र त्याला पटेना. रविवारी गेलो तर हरल्यासारखं दिसेल! बुधवारी चष्म्याचं दुकान रंगकामासाठी बंद होतं, तो दिवस त्याने धरला. डबे कापडांत गुंडाळले, पिशवी भरली, आणि निघाला. दादाच्या दारापर्यंत धीटपणे आला, घंटेवर बोट ठेवलं, आणि ऐनवेळी पिशवी बाहेरच, चपलांच्या कपाटामागे सरकवून दिली. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड जात नाही ती अशी.

दार वहिनीने उघडलं. "अगंबाई, भावजी!" म्हणून ती आत ओरडली. आणि दादा बाहेर आला तो हात पसरूनच. केस गेलेले, पोट सुटलेलं, हसणं तेच. "अरे धाकट्या! वाट चुकलास की काय?" धाकट्याने मनाशी जुळवून आणलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. चहा झाला. पोरगा परगावी नोकरीला असतो, वहिनीचे गुडघे धरतात, दादाला निवृत्त होऊन झाले काही महिने. कुठे राग नाही, रुसवा नाही.

"चल, तुला गंमत दाखवतो," दादा म्हणाला.

आतली खोली भरून टेबल होतं. डोंगर, बोगदा, दोन स्थानकं, आणि रुळांवर डबेच डबे, नवे, चकचकीत. सगळ्यांच्या पुढे वडिलांचं हिरवं इंजिन. दादाने ते उचलून त्याच्या हातात दिलं. "बघ, ओळखीचं आहे ना? पोटात मोटर नवी घातली. हुकही बदलून टाकले."

धाकट्याने उलटं करून बघितलं. मागे बारीक चिमटीसारखा हुक होता.

"कधी बदललास?"

"झाली की रे वर्षं. पोरगा शाळेत होता. नाहीतर ओढणार काय हे, हवा?" दादा हसला. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाला, "अरे, तुझ्याकडे डबे होते ना? त्यांचं काय केलंस?"

धाकट्याने इंजिन जपून रुळांवर ठेवलं. "दिले केव्हाच. शेजारच्या पोरांना."

"बरं केलंस," दादा म्हणाला. "जुनं साठवून करायचं काय."

तो म्हणाला ते अगदी प्रेमाने म्हणाला. धाकट्याला वाटलं होतं, दादा अजून धुमसत असेल, रविवार उजाडला की आठवण काढून चरफडत असेल. त्या रागाच्या सोबतीने त्याने इतकी वर्षं काढली होती. रागावलेलं माणूस निदान आपल्यावर रागावलेलं असतं. इथे तर कुणी रागावलेलंच नव्हतं. 

निघताना दादा टेबलापाशीच राहिला, एक डबा वळणावर घसरत होता तो बघायला. वहिनी दारापर्यंत आली. त्याच्या चपला काढून देताना तिचा हात कपाटामागच्या पिशवीला लागला. तिने ती ओढली, वरचं कापड जरासं बाजूला केलं, आणि पुन्हा झाकलं.

"दिले म्हणालात ना, भावजी?" ती हलक्या आवाजात म्हणाली.

"वहिनी, त्याला नका सांगू."

"नाही सांगत." ती पिशवी हातातच धरून उभी राहिली. "वर्षभर टेबल मांडून बसायचे हो हे रविवारी. मी म्हणायची, जा आणि घेऊन या त्यांना. तर म्हणायचे, डबे त्याचे आहेत, मी मागायला कसा जाऊ? मग पोरगा एकदा म्हणाला, बाबा, आपल्याला डबेच नाहीत का? त्या आठवड्यात बदलले हुक."

धाकट्याने पिशवी घेतली. वरचं कापड नीट खोचलं. मग त्याने विचारलं, "वहिनी, या रविवारी आलो तर चालेल का? नुसता बघायला."

वहिनीने आत एकदा बघितलं. "रविवारी ती सगळी मंडळी असतात हो, यांचे गाड्यांवाले मित्र. प्रत्येक जण आपापली गाडी घेऊन येतो. खोलीत उभं राहायलाही जागा उरत नाही." तिला स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं, कारण तिने लगेच त्याच्या बाहीला हात लावला. "पण मी यांना विचारून सांगते हं तुम्हाला. नक्की विचारते."

"हो," धाकटा म्हणाला. "विचारून सांगा."

तो जिना उतरायला लागला. वर घसरणारा डबा नीट बसला असावा, कारण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दादाची खूश होऊन मारलेली हाक, "अगं, इकडे ये, बघ आता!" वहिनी आत गेली. दार लागेपर्यंत धाकटा पायरीवर थांबून ऐकत राहिला.