क्वान यिननं लग्न केलं नव्हतं

ऐंशीच्या दशकात मी ग्लासगोच्या एका फॅमिली प्लॅनिंग क्लिनिकमध्ये डॉक्टर होते. एका दुपारी तिशीतली एक चिनी बाई आली. मूळची हाँगकाँगची, नवऱ्याबरोबर टेकअवे, म्हणजे जेवण बांधून द्यायचं दुकान, चालवायची. तीन मुली होत्या. तिला कॉइल, म्हणजे आपली तांबी, बसवून घ्यायची होती. तिच्या मागोमाग सासूही आत शिरली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

"यांना बाहेर थांबायला सांगू का?" मी विचारलं.

"नको. ऐकू देत."

सासूला इंग्रजी येत नव्हतं. तिचं कँटोनीज बोलणं सूनच मला इंग्रजीत सांगू लागली. सगळं तिच्याच विरुद्ध, तरी एक शब्द गाळला नाही.

"त्या म्हणतात, मुलगा नसला तर पूर्वजांपुढे उदबत्ती कोण लावणार? सासऱ्यांचा आत्मा उपाशी राहील. त्यांनी देवळात क्वान यिनकडे नातू मागितलाय आणि मी दार लावून घेतेय."

मी नागपूरच्या बौद्ध घरातली. आपल्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वालाच चीनमध्ये क्वान यिन म्हणून देवीरूपात पुजतात, हे मला ठाऊक होतं. मी तसं म्हणाले. सुनेनं सांगताच सासू आशेनं पुढे झुकली. "मग तुम्हीच समजवा हिला!"

मी काही बोलायच्या आत सूनच सासूकडे वळून ठामपणे काहीतरी बोलली. मग मला म्हणाली, "मी विचारलं, क्वान यिननं लग्न केलं होतं का? आमच्या कथेत राजाची मुलगी ती. बापानं छळ छळ छळलं, तरी नाही म्हणाली. तिला स्वतःला एकही मूल नव्हतं. ती मला पापी म्हणेल?"

सासू तरातरा बाहेर गेली. मी तांबी बसवली.

सहा आठवड्यांनी ती तपासणीला एकटीच आली. "सासूबाई काय म्हणतात?" मी विचारलं.

"माझ्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही."

मलाही एकच मुलगी होती. आमच्या घरानं देव सोडले, नवस सोडले, पण मुलाची आस सुटली नव्हती. सासूबाई दर रविवारी नागपूरहून फोनवर विचारायच्या आणि मी "बघू" म्हणून वेळ मारून न्यायचे. त्या रविवारी म्हणाले, "आई, आता दुसरं मूल नाही."

"त्याला दे फोन."

नवऱ्यानं रिसीव्हर घेतला. "हो आई, आमचं दोघांचं ठरलंय. ऑपरेशन मीच करून घेतोय."

तिकडून फोन आपटला. पुढचे दोन महिने त्यांनी फोन केला नाही. आम्ही दर रविवारी केला, पण निर्णय बदलला नाही.