हळद-चुन्याचे ठिपके

बायकोचा फोन आला तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरात एका हॉटेलच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसलो होतो. समोरच्या पडद्यावर कुणा अनोळखी बाईच्या स्तनाचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, भिंतीएवढी मोठी करून दाखवली होती. पुण्याहून शिकवायला आलेल्या मॅडम एकेक पांढरा कण दाखवत होत्या.

मी जालन्यात रेडिओलॉजिस्ट आहे. डॉक्टरांना नोंदणी टिकवायची तर ठरावीक गुण मिळवावे लागतात आणि ते अशा अभ्यासवर्गांना बसून मिळतात. त्यामुळे सकाळी सही करून, पिशवी आणि पेन घेऊन, पुन्हा जेवणाच्या वेळेलाच उगवणारेही असतात. मला ते जमत नाही. यात मोठेपणा काही नाही. जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच गुरुजी सगळे वर्ग सांभाळायचे आणि आपल्या वर्गाची पाळी येईस्तोवर आम्ही नुसते बसून असायचो. कुणीतरी आपल्यासाठी तयारी करून शिकवायला आलंय, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

म्हणून फोन दोनदा कापला. पुन्हा वाजला तेव्हा उठून बाहेर गेलो.

“अहो, आक्का आल्यात.”

“बरं. मग?”

“त्यांच्या छातीत गाठ लागतीय. उजवीकडं. बरेच दिवस झाले म्हणतात. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मला.”

“मग सांगतेस कशाला?” घाबरलो की माझ्या तोंडून असंच काहीतरी निघतं.

“मग काय स्टाफरूममध्ये जाऊन सांगू?” बायको शाळेत शिक्षिका आहे. तिने फोन ठेवून दिला.

आक्का माझी थोरली बहीण. आई-वडील मजुरीला गेले की मला सांभाळायला कुणीतरी लागायचं, म्हणून तिची शाळा चौथीतच सुटली. पुढं माझी परीक्षा आली की पुस्तक तिच्या हातात असायचं. मी पाठ म्हणायचो, ती ओळीवर बोट ठेवून बसायची. विज्ञानातलं तिला काही कळत नव्हतं, पण मी अडखळलो की बराबर “चुकला” म्हणायची. “तुला काय कळतं गं त्यातलं?” म्हणून मी चिडायचो. “पुस्तक न्हाई, तुझं थोबाड वाचून राह्यले,” असं तिचं उत्तर असायचं. लग्न होऊन ती केदारखेड्याकडच्या एका गावी गेली. थोडी घरची जमीन, बाकी दुसऱ्याच्या रानातली कामं.

मी पुन्हा सभागृहात येऊन बसलो, पण आता पडद्यावरची प्रत्येक बाई माझ्या ओळखीची झाली होती. विषय कॅल्शियमच्या कणांचा होता. शरीरात जिथे कॅल्शियम साचतं तिथे एक्स-रेवर पांढरे ठिपके दिसतात. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात. पण अगदी बारीक, ओबडधोबड कण एका जागी घोळका करून बसले असतील तर तिथे थांबायचं, कारण कॅन्सरची पहिली खूण ती असू शकते. मॅडम छान शिकवत होत्या. त्वचेवर पावडर, मलम असलं काही लावलेलं असेल तर तेही चित्रात कणांसारखं उमटतं, म्हणून आधी विचारा, असं त्यांनी सांगितलं. कुणाच्या तरी टाल्कम पावडरचं चित्र दाखवलं तेव्हा सभागृह हसलं. माझं लक्ष दरवाज्याकडे.

“डॉक्टर,” शेजारचे बीडचे एक ज्येष्ठ हळूच म्हणाले, “पाय हलवणं तेवढं थांबवा. अख्खी रांग हलतीय.”

संध्याकाळी घरी पोचलो तर आक्का चुलीपुढे बसावं तशी ऐटीत गॅसपुढे बसून भाकरी थापत होती. बायकोला तिने ओट्यापाशी फिरकू दिलं नव्हतं. शेगडीच खाली उतरवून घेतली होती.

“कुठं गेल्ता रे?”

“अभ्यासवर्ग होता. आजार लवकर कसा ओळखायचा, ते शिकवतात.”

“आजून वळखू येत न्हाई व्हय तुला?” मग बायकोकडे वळून, “डॉक्टर होऊन इतकी वर्षं झाली, तरी याची शाळा सुटंना बाई.”

दोघी हसल्या. मी पाणी प्यायलो. आमच्याकडे भाऊ-बहिणीत बोलायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. शेत, पोरं, पाहुणे. आजारपणात गुडघे आणि डोळे चालतात. त्याच दुपारी शंभर डॉक्टरांसमोर माईक घेऊन मी स्तनाच्या गाठीबद्दल प्रश्न विचारला होता. इथे ताटावर बसून मला “बरी आहेस ना?” एवढंच विचारता आलं.

“मला काय धाड भरलीय,” ती म्हणाली.

जेवण झाल्यावर मी उगाच गच्चीवर गेलो, खाली आलो, परत गेलो. तेवढ्या वेळात बायकोने सगळं ठरवलं होतं. मी काम करतो त्या दवाखान्यात मॅमोग्राफीचं यंत्र आहे आणि ते चालवणारी तंत्रज्ञ बाईमाणूस आहे. फोटो ती काढेल आणि गावातल्याच एक सीनियर रेडिओलॉजिस्ट मॅडम बघतील. “पण त्यो न्हाई ना बघणार?” एवढीच आक्काची अट होती. बायकोने “नाही” म्हणून सांगितलं होतं आणि मलाही ते पटलं होतं. आपल्या माणसाचा रिपोर्ट आपण करू नये, हे आम्हाला शिकवलेलंच असतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खोलीत बसून होतो. खरं तर बसून नव्हतो. फोटो निघाला की माझ्याच संगणकावर आधी येतो. मॅडम दुपारनंतर येणार होत्या. दोनदा खोलीबाहेर जाऊन आलो. मग चित्र उघडलं.

उजव्या बाजूला, वरच्या बाहेरच्या भागात, पांढरे ठिपके होते. बारीक, ओबडधोबड, घोळका करून बसलेले. आदल्या दिवशी पडद्यावर पाहिले होते अगदी तसेच.

पहिल्यांदा काय मनात आलं, तर तिच्या गावाहून मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलात जायचं म्हणजे कुठे कुठे गाडी बदलावी लागेल. मग तिची धाकटी, जिचं अजून कॉलेज चालू आहे. मी खुर्ची मागे ढकलली आणि उभ्यानेच चित्र मोठं करत गेलो. आणि उभ्यानेच मला दिसलं की काही ठिपके एका ओळीत आहेत आणि ती ओळ आतल्या दुधाच्या नळ्यांसारखी फांद्या फुटत जात नाही. ती घडीसारखी आहे. कातडीच्या घडीसारखी. दोन बाजूंनी काढलेले फोटो शेजारी ठेवले. ठिपके दोन्हींत त्वचेलगतच.

मी फोटो काढायच्या खोलीत जाऊन तंत्रज्ञ बाईंना विचारलं, “काही लावलं होतं का त्यांनी? विचारलंत?”

“विचारलं की सर. पावडर, सेंट काही न्हाई म्हणाल्या. थोडं पिवळं दिसत होतं, पण हळद तर बायका लावतातच.”

आक्का अजून कपडे बदलायच्या पडद्यामागे बसली होती. मी पडद्याच्या अलीकडे उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याशी या विषयावर बोलायचं होतं आणि ते एका हिरव्या कापडाशी बोलावं लागत होतं.

“आक्का, गाठीवर काही लेप लावला होतास का?”

कापड तिने आतून घट्ट ओढून घेतलं. मग, “तू कशाला आला?”

“सांग ना.”

“हळद-चुना लावून राह्यले रोज. ठणकत होतं म्हणून. आंघोळीला धुतला की सकाळी.”

चुना म्हणजे कॅल्शियमच. धुतला तरी घड्यांत आणि रोमछिद्रांत बसून राहणारा. मुरगळलेल्या पायावर लावतो तसा तिने तो गाठीवर लावला होता. पुण्याच्या मॅडमच्या चित्रांत पावडर होती, मलम होतं, पण आमचा हळद-चुना कुठून असणार? आणि आमच्या बाईंनीही विचारलं ते पुस्तकातलंच. तंत्रज्ञ बाईंनी ओल्या कापसाने जागा नीट पुसून काढली, फोटो परत घेतला. ठिपके गेले. एकही उरला नाही.

सोबत आलेल्या बायकोने दोन्ही हात जोडले. आक्काला कळलं तेव्हा तर ती खोलीबाहेर येऊन हसायलाच लागली.

पण ठिपक्यांच्या गडबडीत जिच्याकडे बघायचं राहून गेलं होतं ती गाठ तिथेच होती. एका बाजूची कड गुळगुळीत, दुसऱ्या बाजूची धूसर. सीनियर मॅडमनी दुपारी येऊन सोनोग्राफी केली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “सुई घालून तुकडा तपासायला हवा. तुम्हाला सांगायला नको.”

घरी मात्र वेगळंच चालू होतं. आक्काने फोनवर फोन लावले होते. “आमच्या डाक्टरानं चुन्यालाच मोठा आजार म्हणलं बाई! पुसलं की गेलं!” नणंदेला सांगितलं, पिंपळगाव रेणुकाईच्या मावशीला सांगितलं. मावशीने फोन मला द्यायला लावला. “का रे, एवढं शिकून चुना वळखू येईना? पान खात जा जरा.” सगळे हसत होते. कापूस फुटायला लागला होता आणि आक्काला सकाळच्या एसटीने जल्दी परत जायचं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

मी म्हणालो, “आक्का, सुई लावायची आहे.”

“आता कशाला? निघालं ना साफ?”

“ठिपके गेले. गाठ हाय ना.”

“तुझं यंत्र चुन्याला फसलं. गाठीला फसलं नसंल कशावरून?”

यंत्र फसतं. अभ्यासवर्गात दिवसभर आम्ही तेच तर शिकत होतो. ते किती तऱ्हांनी फसतं आणि आपण किती तऱ्हांनी फसतो.

“फसलंही असंल,” मी म्हणालो. “म्हणूनच सुई. सुई गाठीचा तुकडाच काढून आणती.”

“सुई लावली की पसरतंय म्हणतात. आमच्या गल्लीतली एक सुई लावून आल्ती, दिवाळीबी बघितली न्हाई तिनं.”

“सुईनं न्हाई गेली ती. लई उशिरा आली म्हणून गेली.”

“तुला काय ठाव? तू व्हता का तिथं?”

मी समजावत राहिलो. मराठीत, सोप्या शब्दांत, हाताने चित्र काढून. बायकोनेही सांगून पाहिलं. आक्का पिशवीची गाठ सोडायची, परत मारायची. मी खिडकीपर्यंत जायचो, परत यायचो.

मग आक्काच म्हणाली, “दुपारधरनं बघून राह्यले. समदे हसले. तूच हसला न्हाईस.”

मी परत खिडकीकडे निघालो.

“एवढी गंमत झाली, आन् तू एका जागी बूड टेकलं न्हाईस.” तिने पिशवी भिंतीकडे सरकवली. “दुखतंय का लई?”

“जागा बधिर करतात आधी.”

“तू तिथं थांबायचं न्हाई.”

“न्हाई थांबत.”

सुई सीनियर मॅडमनी लावली. मी बाहेर नातेवाइकांच्या बाकावर. रोज या बाकासमोरून मी किती वेळा जातो-येतो! त्यावर बसलेली माणसं माझ्या तोंडाकडे का बघत असतात, ते त्या दिवशी कळलं, कारण दार उघडून जो कुणी बाहेर येईल त्याच्या तोंडाकडे मीही तसाच बघत होतो. सफाईवाल्या मावशींच्यासुद्धा.

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. आक्का तेवढे दिवस राहिली, कुरकुर करत. रोज सकाळी दाजींना फोन करून किती बोंडं फुटली ते विचारायची. मी दवाखान्यात दुसऱ्यांचे फोटो बघायचो आणि एकच फोटो दोनदा तपासायचो. तंत्रज्ञ बाई आता प्रत्येकीला पावडरच्या आधी विचारतात: हळद, चुना, बिब्बा, काही लेप? बायका चटकन “हो” म्हणतात. एवढ्या जणी लावत असतील असं मला वाटलं नव्हतं. पुण्याच्या मॅडमना मी आक्काचे दोन्ही फोटो पाठवले, नाव काढून. पुढच्या वर्गात दाखवते, असं त्यांनी कळवलं. एरवी या गोष्टीचा मला केवढा अभिमान वाटला असता.

पॅथॉलॉजिस्टचा फोन दुपारी आला. कॅन्सर होता. गाठ लहान होती आणि सोनोग्राफीत काखेत काही दिसलं नव्हतं. हे दुसरं वाक्य मी घरी जाईपर्यंत मनात घोकत होतो.

आक्का ताटात तूर निवडत होती. मी समोर उभा राहिलो.

“आक्का, गाठ चांगली न्हाई.”

तिचा हात थांबला. “त्योच आजार?”

“व्हय. पण बारीक हाय अजून. काढता येती. औषधं घ्यावी लागतील मागून.”

बायकोने गॅस बंद केला. आक्काने ताटातले दोन खडे बोटाने कडेला सारले, ते उचलले, मुठीत धरले.

“वेचणीच्या आधी का मागून?”

“आधी. ह्याच आठवड्यात.”

तिने फोन मागितला. दाजींना लावला. “आव, आयका. ह्या टायमाला वेचणीला बाया लावून घ्या… न्हाई, मी न्हाई यायची… सांगते. आधी बाया बघा, मागून कुणी भेटत न्हाई.” पलीकडून ते काहीतरी मोठमोठ्यानं विचारत होते. आक्का ऐकत राहिली. मग तिने फोन माझ्यापुढे धरला.

“घे. तू सांग त्यांना. माझ्यानं न्हाई बोलवत.”

मी फोन कानाला लावला. “हॅलो, कोण? काय झालं?” दाजी विचारत होते. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली.