बाईंचा गप्प बसणारा तारा

बाईंना कुणी वेळ सांगितली की त्या विचारायच्या, "घड्याळ कोणाचं?" समोर शिपाई असो, विभागप्रमुख असो की पुंडलिकनगरातला त्यांचा दूधवाला. "बाई, अकरा वाजले," म्हटलं की लगेच, "भिंतीवरचे का मोबाइलातले?" नवीन माणूस गडबडून जायचा. आम्ही जुने विद्यार्थी आधीच सांगून टाकायचो, "मोबाइलातले, बाई."

त्यांचं कामच तसं होतं. विद्यापीठात बाई पल्सारचा अभ्यास करायच्या. पल्सार म्हणजे मरून आक्रसलेला तारा. तो गरगर फिरतो आणि दर फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका आपल्यापर्यंत येतो. ठोका किंचित लवकर आला की उशिरा, यावरून त्याला खेटून एखादा जोडीदार तारा फिरतो आहे का, ते कळतं. दुर्बीण तिकडं पुणे जिल्ह्यात, बाई इथं विद्यापीठात. मोजमापं संगणकावर आली की बाई पहिला संशय घड्याळावर घ्यायच्या.

बाई मूळच्या सिल्लोडच्या, मक्या-कापसाच्या घरातल्या. विद्यार्थ्यांना त्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. मी 'पाचोड' होते. विभागात दोन 'पैठण' होते आणि कुठल्या पैठणला बोलावलंय ते आवाजाच्या चढावरून ओळखावं लागे. एकाचं गणित कायम चुकायचं, दुसरा चहा छान करायचा.

उपमा मात्र त्यांना अजिबात खपत नसत. काही पल्सार आपल्या जोडीदाराला इतके भाजून काढतात की त्याचा वायू उडून जात राहतो. दरवर्षी कुणीतरी नवा विद्यार्थी यावर सासुरवासाचा विनोद करायचाच. बाई चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "ताऱ्याला संसार नसतो. वायू उडतो, एवढंच लिही."

बाईंचं नाव झालं ते एका शोधनिबंधानं. एक पल्सार मधूनच काही काळ गप्प होतो आणि पुन्हा ठोके देऊ लागतो, असं त्यांना दिसलं होतं. हा तारा एकटा आहे आणि आपला आपण बंद पडतो, असा त्यांचा निष्कर्ष. परदेशातले लोक तो निबंध उद्धृत करायचे. त्याचं पहिलं पान फ्रेम करून विभागाच्या व्हरांड्यात लावलेलं होतं. पीएचडीला बाईंनी मला तोच तारा दिला.

बाईंच्या काळी दुर्बिणीचा वेळ तुकड्यातुकड्यानं मिळायचा. मला सलग निरीक्षणं मिळाली, आणि त्यांत ताऱ्याचं गप्प होणं ठरावीक अंतरानं येऊ लागलं. शिवाय गप्प होण्याच्या आधी आणि नंतर ठोके जरा उशिरा पोचत होते. म्हणजे तारा बंद पडतच नव्हता. त्याला जोडीदार होता आणि त्या जोडीदाराचा वायू मध्ये येत होता. मी बाईंची जुनी मोजमापं काढून पाहिली. तोच उशीर तिथंही होता. बाईंनी तो यंत्राच्या घड्याळाचा दोष समजून दुरुस्त करून टाकला होता.

ते आलेख मी बरेच दिवस पिशवीत घेऊन हिंडले. बाईंची निवृत्ती तोंडावर आली होती. शेवटी एका दुपारी चहा आला तेव्हा धीर केला.

"बाई, आपल्या ताऱ्याला जोडीदार असावा."

"असावा का आहे?"

"आहे."

बाईंनी आलेख ओढून घेतले. चहावर साय धरली तरी त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "घड्याळ बरोबर होतं गं. बिचाऱ्याला मी लई शिव्या दिल्या."

मी आलेख गोळा करू लागले. त्याच पुढं म्हणाल्या, "तुझ्या निबंधात माझ्या निबंधाचं नाव घाल आन् सरळ लिही, हा निष्कर्ष चुकला."

"'नव्या निरीक्षणांतून वेगळं चित्र दिसतं' असं लिहू या का, बाई?"

"वेगळं नाय. चूक. लोकं माझं वाचून अजून त्याला एकटा समजतेत."

त्याच संध्याकाळी त्यांनी शिपायाचं स्टूल मागून घेतलं आणि व्हरांड्यातली फ्रेम स्वतः उतरवली. दुसऱ्या दिवशी बाई विभागात आल्या नाहीत. न कळवता घरी राहिल्या, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्या मनाला किती लागलं असेल ते मला तेव्हा समजलं. तिसऱ्या दिवशी आल्या आणि माझ्या मसुद्यातल्या चुका काढत बसल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. मी आता दुसऱ्या कॉलेजात शिकवते. विभागात शोकसभा होती म्हणून गेले. पुढच्या रांगेत बाईंचे थोरले भाऊ बसले होते, सिल्लोडहून आलेले. विभागप्रमुख नवीन होते. कुठल्याशा जुन्या माहितीपत्रकावरून त्यांनी भाषण तयार केलं असावं. "आपोआप बंद पडणाऱ्या एकाकी ताऱ्याचा शोध हे बाईंचं सर्वांत मोठं योगदान," असं ते म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या.

आज तरी असू द्यावं, असं मला मनापासून वाटलं. हार घातलेल्या फोटोसमोर कोण चुका काढतं? पण बसवेना. मी उभी राहिले.

"सर, माफ करा. तो निष्कर्ष चुकीचा होता. बाईंनी स्वतःच तो मागं घेतला होता."

शेजारी बसलेल्या एका प्राध्यापिकेनं माझी ओढणी खाली खेचली. प्रमुखांनी कागद खाली ठेवला. बाईंचे भाऊ माझ्याकडं वळले. आता हे काय बोलतील, याची मला भीती वाटली.

"काय चुकलं व्हतं तिचं?" त्यांनी विचारलं. "सांगा की. आमाला कदी समजलंच नाय ती काय करायची ते."

फळा फोटोच्या मागंच होता. मी खडू घेतला. पल्सारचा ठिपका काढला, त्याच्या शेजारी जोडीदाराचा गोल काढला आणि बाईंचं कुठं चुकलं ते त्यांच्या भावाला पहिल्यापासून समजावून सांगू लागले. बाई गेल्याचं कळल्यापासून मला रडू आलं नव्हतं. ते तिथं, फळ्यासमोर, सांगता सांगता आलं.