साठऐवजी एकोणसाठ

माझा ऑर्गन जुना, अमेरिकन बनावटीचा. आत मोटर आहे आणि सूर तिच्या वेगावर ठरतात. तिकडची वीज साठ हर्ट्झची, आपली पन्नासची, त्यामुळे सिल्वासात तो थेट प्लगला लावला की सगळं वादन खालच्या पट्टीत घसरतं. मी धाग्याच्या कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनिअर. यंत्रांचा वेग कमीजास्त करायला आम्ही जो ड्राइव्ह वापरतो, तसलाच एक भंगारातून घेऊन ऑर्गनला जोडला, साठवर ठेवला, आणि माझा जॅझ एकदाचा सुरात आला!

माझ्या हाताखालचा इलेक्ट्रिशियन धुळ्याचा, लग्नाच्या बँडात वाजवलेला. तोच माझा ड्रमर. शेजारच्या दादरा गावातल्या एका रिकाम्या गाळ्यात आम्ही दोघांनीच अल्बम रेकॉर्ड केला. चौथ्या रचनेआधी तो म्हणाला, "साहेब, मोटर लय गरम होऊन राहिली. एक पॉइंट खाली घेऊ?"

"घे," मी म्हणालो. यंत्र तापलं की वेग उतरवायचा, ही कारखान्यातली सवय, दुसरं काय! पुन्हा वर घ्यायचं दोघेही विसरलो आणि उरलेला अल्बम एकोणसाठवरच वाजवला.

हे लक्षात आलं तेव्हा अल्बम बाहेर पडला होता. माझं धाबं दणाणलं. पण परीक्षणं आली ती सगळी गोडगोड. कारखान्यातला माणूस जॅझ वाजवतो, केवढं कौतुक! सूर उतरल्याचा कुणाला पत्ताच नाही. मग मात्र मी भडकलो. अरे, ऐकलंत तरी का? एका तरी माणसाने नीट कान देऊन ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

शेवटी मुंबईच्या एका समीक्षकाचं परीक्षण आलं. कॅन्टीनमध्ये मोबाइलवर वाचलं. माझा डावा हात आळशी आहे म्हणे. आणि चौथ्या रचनेपासून ऑर्गन किंचित उतरला आहे, ही ढिलाई अक्षम्य आहे. मी टेबलावर असा हात मारला की चहा सांडला.

"पकडलं! पठ्ठ्याने पकडलं!"

इलेक्ट्रिशियन ताट सोडून धावत आला. मी ते वाक्य त्याला दोनदा वाचून दाखवलं.

"शिव्याच दिल्या ना त्यानं? मग तुम्ही खूश कशाला होऊन राहिले?"

"अरे, त्याने ऐकलं! पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं!"

तोही हसला. खुर्ची ओढून बसला. "मग माझ्या ड्रमचं काय लिहिलं?"

मी परीक्षण वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. एक शब्द नव्हता.

"तू फार सुंदर वाजवलंस," मी म्हणालो. इतक्या महिन्यांत मीही त्याला हे पहिल्यांदाच सांगत होतो.