भूगोलाच्या फौजदार बाई

आमच्या भूगोलाच्या बाईंचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. वर्गात कुणी म्हणालं, "बाई, उद्या सुट्टी आहे," तर दुसरे शिक्षक "बरं" म्हणून पुढे जात. बाई हातातला खडू खाली ठेवत, चष्म्याच्या वरून त्या मुलाकडे बघत आणि विचारत, "तुला कुणी सांगितलं?" तो म्हणायचा, शिपाईमामांनी. "त्यांना कुणी सांगितलं?" असं करत करत त्या बातमीच्या उगमापर्यंत जाऊन पोचत, आणि बहुतेक वेळा तिथे थेंबभरही पाणी नसे. शाळेत सगळे त्यांना फौजदार बाई म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं. नाव कुणी ठेवलं याचीही त्यांनी रीतसर चौकशी केली होती, पण आरोपी सापडला नाही.

नेवाशाच्या आमच्या शाळेत नववी-दहावीचा आणि वरच्या कनिष्ठ महाविद्यालयाचा भूगोल त्याच शिकवत. पुस्तकावरही त्यांचा भरवसा बेताचाच. एकदा सगळ्या वर्गाला प्रवरेच्या काठावर घेऊन गेल्या आणि विचारलं, "नदी कोणत्या दिशेला वाहते?" आम्ही एका सुरात ओरडलो, "पूर्वेला!" बाईंनी पायाशी पडलेली बाभळीची वाळकी शेंग उचलून पाण्यात टाकली. खाली बंधाऱ्याला पाणी अडलेलं, पूर्वेकडून वारा सुटलेला. शेंग आपली निवांत पश्चिमेला निघाली. आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. बाई म्हणाल्या, "पुस्तक खोटं नाही. पण पुस्तक लिहिणारा आज इथं आला नव्हता. तुम्ही आला होतात."

चुकलेल्या उत्तरापेक्षा बरोबर उत्तराचा त्यांना जास्त संशय यायचा. "चुकलेलं उत्तर पोराचं स्वतःचं असतं," त्या म्हणायच्या. "बरोबर आलं की विचारावं लागतं, कुठून आणलंस?" त्यामुळे त्यांच्या वर्गात हुशार मुलांची फार पंचाईत व्हायची. माझीही व्हायची.

माझे आब्बा एसटी स्टँडच्या मागे मोटारी भरतात. म्हणजे विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, आणि आब्बा त्यांची तार काढून नवी भरून देतात. शाळा सुटली की मी दुकानातच असायची. दहावीत मला चांगले मार्क पडले, आणि आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच झाल्यामुळे पुढे काय घ्यायचं हे सांगायला माणसांची रीघ लागली. सगळ्यांत आधी आले सायन्सचे सर. हसरा, मोकळा माणूस. स्वतःच पेढे घेऊन आले, आब्बांना एक भरवला आणि म्हणाले, "रुबिनाला कलेत घालून वाया घालवू नका. पोरगी डॉक्टर होईल, मी सांगतो." जाताना दुकानाच्या पायरीवर थांबून हळूच म्हणाले, "भूगोलाच्या बाई येतील बघा. त्यांच्या तुकडीला पोरं नाहीत. नोकरी वाचवायला दारोदार फिरतायत."

आब्बा हात जोडून म्हणाले, "सर, तुमी म्हणाल तसं. आमाला त्यातलं काय कळतंय?"

आणि बाई खरंच आल्या. जूनचं ऊन मी म्हणत होतं. स्कूटी सावलीला लावून त्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या. आब्बांनी चहा सांगितला, पण हातातलं काम सोडलं नाही, मानही वर केली नाही.

"सायन्स घेणार म्हणे तू?" बाईंनी मला विचारलं.

"हो बाई."

"कुणी सांगितलं?"

"मीच ठरवलं."

"खोटं. बोलताना तू आब्बांकडे बघितलंस."

आता मात्र आब्बांनी तारेचं वेटोळं खाली ठेवलं. "बाई, ऱ्हाऊ द्या. पोरीला मार्क चांगले पडलेत. तुमच्या तुकडीत पोरं कमी हायेत, ते बी आमाला ठाऊक हाय."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. यंदा कलेला मुलं आली नाहीत तर इथला भूगोल बंद होईल आणि माझी बदली होईल. घरी म्हाताऱ्या सासूबाई आहेत, त्यांना घेऊन कुठं जाऊ हा प्रश्न आहे. त्यामुळे माझं ऐकूच नका, माझा स्वार्थ आहे यात. पण ज्यांचं ऐकताय, त्यांच्या दारात संध्याकाळी क्लासच्या किती सायकली लागतात, तेही एकदा बघून या." मग त्यांनी चहा पिऊन कप विसळून ठेवला आणि त्या गेल्या.

घरी आम्ही आपली दखनी बोलतो. जेवताना आब्बांनी सगळं सांगितल्यावर अम्मी म्हणाली, "जो अपने मूं से बोलता ना मैं चोर हूं बोलके, उसकीच थैली पैले देखना." आब्बांना ते तंतोतंत पटलं. मला दोन्हीकडून पटत होतं आणि कुठूनच पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांच्या गल्लीतून मुद्दाम गेले. सायकली फाटकापासून पार कोपऱ्यापर्यंत लागल्या होत्या. मग सकाळी कॉलेजच्या बाजूला जाऊन बारावी कलेचा वर्ग खिडकीतून पाहिला. पुढच्या बाकांवर थोडी मुलं, मागे नुसती धूळ. दोघांनी एकमेकांविषयी सांगितलेलं अक्षरशः खरं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं, आणि तरी विश्वास ठेवावा असं कुणी उरलं नव्हतं.

शेवटी मी कला शाखा घेतली. सरांनी स्वार्थ लपवला आणि बाईंनी सांगितला, एवढाच काय तो हिशोब माझ्या डोक्यात होता. घरात आठवडाभर धुसफूस चालली. आब्बा रागावले की बोलत नाहीत, हातोडी जरा जोरात मारतात. तशी ती वाजत राहिली. अखेर एका सकाळी म्हणाले, "तेरी मर्जी. लेकिन इसमें कुछ तो गडबड है, मैं बोलके रखता."

कॉलेज सुरू झालं. बाई वर्गात आल्या, मी पहिल्या बाकावर. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तास संपेपर्यंत पुन्हा बघितलं नाही. तास सुटल्यावर व्हरांड्यात बोलावून घेतलं.

"इथं का आलीस?"

"मला भूगोल आवडतो."

"भूगोल आवडतो, की मी?"

उत्तराची वाट न बघता बाई म्हणाल्या, "माझी बदली टळावी म्हणून आली असशील तर परत जा. प्रवेश बदलायला अजून वेळ आहे. तुझ्या दोन वर्षांवर माझी नोकरी टिकलेली मला चालायची नाही."

मला रडूही येत होतं आणि संतापही. ज्यांच्यासाठी घरात भांडले, त्याच माझ्यावर संशय घेत होत्या! मी तावातावाने म्हणाले, "भूगोल मला तुमच्या आधीपासून येतो. दुकानात आलेल्या मोटारीला चिकटलेला गाळ बघून मी ती कुठल्या अंगाची ते सांगते. नदीकाठच्या मोटारीला बारीक काळा गाळ असतो. डोंगराकडच्या मोटारी कोरड्या चालून जळतात, त्यांना पांढरी खडी चिकटलेली असते. दोन गावं शेजारी शेजारी आहेत, एका गावाच्या मोटारी संक्रांतीलाच यायला लागतात आणि दुसऱ्या गावची उन्हाळ्यात एकही येत नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. मग एकाचं पाणी जातं कुठं, हे मला बघायचंय."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "चल," म्हणाल्या.

त्या मला स्कूटीवर बसवून थेट दुकानात घेऊन आल्या. त्यांना बघून आब्बांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बाईंनी कोपऱ्यातल्या जळक्या मोटारींच्या रांगेकडे बोट केलं. "ही कुठली?" मी चिकटलेला गाळ बोटाने खरवडून सांगितलं, "कालव्याच्या कडेची." बाईंनी आब्बांकडे बघितलं. आब्बांनी नाइलाजाने मान हलवली. "ही?" "डोंगराकडची." पुन्हा मान हलली. तिसऱ्या मोटारीपाशी मी अडखळले आणि चुकले. बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "आता खात्री झाली. पाठ केलेलं नाही."

आब्बा माझ्याकडे बघतच राहिले होते. "ये तेरे कू किसने बताया गे?"

मी काही म्हणायच्या आत बाईच म्हणाल्या, "कुणी नाही. तिनं बघितलं."

मग त्या स्टुलावर बसल्या. पुढे जे बोलल्या ते ऐकून आब्बांच्या हातातला पाना खाली पडला. "हिला कलेतून काढा. जमिनीखालचं पाणी शोधायचं तर भौतिक, रसायन पाहिजे, आणि भूगोलही पाहिजे. विज्ञानात भूगोल घेता येतो, पण आपल्याकडे ती सोय नाही. नगरला आहे. मुलींचं वसतिगृहही आहे. उद्याच जाऊन या."

"आन् तुमच्या तुकडीचं काय?" आब्बांनी विचारलं.

"ते मी बघीन."

सायन्सच्या सरांना कळलं तेव्हा ते धावत दुकानात आले. "मी म्हणत नव्हतो? शेवटी सायन्सच!" म्हणून पुन्हा पेढे वाटून गेले. तो माणूस वाईट नव्हता, पुढे माझ्या दाखल्याच्या कामात त्यांनी दोन चकराही मारल्या. पण आब्बांचा बाईंवरचा संशय आता दुप्पट झाला. आपल्या तुकडीतली पोरगी कोणी स्वतःहून घालवतं का? नक्की नगरच्या कॉलेजात बाईंचं कुणी नात्यातलं असणार. नाहीतर वसतिगृह ओळखीच्या माणसाचं असणार. तांब्याची तार आणायची म्हणून आब्बा नगरला गेले आणि दिवसभर त्या कॉलेजच्या आसपास हिंडले. वसतिगृहाच्या वॉचमनशी बोलले, फाटकासमोरच्या चहावाल्याला खोदून खोदून विचारलं, कार्यालयातल्या कारकुनाचं आडनाव काढून आणलं. बाईंचं तिथे कुणीही नव्हतं. त्यामुळे आब्बा आणखीच अस्वस्थ झाले. मला तिथे सोडताना पेटी वर चढवून देत म्हणाले, "अब तो मेरे कू और भी समझ में नै आता."

मी मात्र तिथे रमले. आता भूगर्भशास्त्रात एमएस्सी करते आहे, आणि शेजारच्या दोन गावांपैकी एकाचं पाणी कुठे जातं, हे थोडंथोडं कळायला लागलं आहे. वर्गात बरोबर उत्तर आलं की मला अजून आनंद होण्याआधी धाकधूक होते.

नेवाशाचा भूगोल मी नगरला गेले त्याच्या पुढच्याच वर्षी बंद झाला. बाईंची बदली संस्थेच्या श्रीगोंद्याकडच्या शाळेत झाली. मी सुट्टीत घरी आले होते. आब्बांनी मला न विचारता ओळखीच्या माणसाचा टेम्पो सांगितला आणि सकाळी बाईंच्या दारात नेऊन उभा केला. बाई म्हणाल्या, "मी तर टेम्पो सांगितला नव्हता." आब्बा म्हणाले, "रिकामाच चालला हुता तिकडं." बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. त्या काहीतरी विचारणार असं मला वाटलं, पण त्यांनी पदर खोचला आणि भांड्यांचं पोतं उचललं. सासूबाईंना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. आब्बा, मी आणि बाई मागे गाद्यांवर बसलो. नगर मागे पडलं, मग दोन्ही बाजूंना ऊस लागला. बाई उसाकडे बघत म्हणाल्या, "एवढं पाणी इथं आलं कुठून, ते बघावं लागेल." नवीन गावाविषयी त्या एवढंच बोलल्या.

भाड्याचं घर एका बागायतदाराच्या वाडीला लागून होतं. घरमालक मोठा गोडबोल्या, ताई-ताई करत सामान उतरवून घेत होता. आम्ही खोल्या झाडत होतो तोवर आब्बा घराच्या मागच्या बाजूला गेले आणि मीटरची पेटी उघडून बसले. परत आले ते घामाने डबडबून. घरमालकाला म्हणाले, "अर्थिंग न्हाई घराला. कुटं गेली?" तो म्हणाला, "आहे की, आत्ताच गेल्या वर्षी केली." आब्बा म्हणाले, "तार हाय. पर ती जमिनीत गेलीच न्हाई. नुसती भितीला खोचलीय. म्हातारं मानूस न्हाणीत पाणी तापवायला गेलं तर काय हुईल?" घरमालक हसत हसत आत निघून गेला. आब्बांनी गावातून तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा आणला, दुपारभर खड्डा खणला, पट्टी पुरली, तार जोडली. पंख्याची, फ्रिजची, गिझरची एकेक बटणं स्वतः हात लावून तपासली. बाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

निघताना आब्बा त्यांच्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, ह्या घरमालकावर भरोसा ठेवू नका. लई गोड बोलतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंना खळखळून हसताना पाहिलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि आम्ही टेम्पोत बसेपर्यंत परत घातला नाही.

आता श्रीगोंदा काही आमच्या वाटेवर नाही. तिकडे मोटारी भरणारी माणसंही पुष्कळ आहेत. तरी आब्बांचं अधूनमधून तिकडे काहीतरी काम निघतं. पावसाळ्याच्या आधी तर निघतंच. अम्मी पिशवीत सासूबाईंसाठी मऊ पोळ्या आणि लिंबाचं लोणचं देते, आब्बा टेस्टर खिशात खोचतात आणि सकाळच्या एसटीने निघतात.